श्रीमंत किशोरांच्या तीन कार्टून मालिका : मुलांना कोणती दाखवावी?

आठ-दहा वर्षांच्या मुलाने किंवा मुलीने एखादी जुनी अमेरिकी कार्टून मालिका पाहण्याचा हट्ट धरला, की पालक सहसा दोन गोष्टी तपासतात : मारामारी किती आहे आणि भाषा कशी आहे. श्रीमंत घरांतील किशोरांभोवती फिरणाऱ्या मालिकांच्या बाबतीत ही चाळणी अपुरी पडते. अशा मालिकांत मारामारी बहुधा बेताची असते, शिवीगाळ तर नसतेच. असतात ते बंगले, गाड्या, कपडे, हाताखालची माणसे, आणि या सगळ्याकडे पाहण्याची एक दृष्टी. ती दृष्टी मालिकेगणिक बदलते आणि मुलाच्या मनात मुरते ती तीच. म्हणून या लेखात तीन मालिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आहेत : १९८७ सालची ‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’, १९८५ ते १९८८ या काळातली ‘जेम’ आणि २००१ पासून सुरू झालेली ‘टोटली स्पाइज’. तिन्हींना एकच प्रश्न विचारला आहे. इथे पैसा कुठून येतो, तो कशावर खर्च होतो आणि ज्याच्याकडे तो नाही त्याच्याशी पैसेवाला कसा वागतो?

यात ‘रिची रिच’ का नाही, असे अनेकांच्या मनात येईल, कारण आपल्याकडे श्रीमंत मुलाला चिडवताना हेच नाव तोंडी येते. रिची १९५३ साली हार्वी कॉमिक्समध्ये अवतरला आणि १९८० साली हॅना-बार्बेराने त्याची दूरचित्रवाणी मालिका केली. पण रिची लहान मुलगा आहे आणि त्याची गोष्ट मुख्यतः चमत्कारिक यंत्रांची आणि चोर पकडण्याची आहे. किशोरवयातली मैत्री, चढाओढ आणि आकर्षण हा तिचा विषय नाही, म्हणून ती बाजूला ठेवली. आर्चीच्या कॉमिक्समधली व्हेरॉनिका लॉज मात्र या सगळ्या मालिकांच्या मागे उभी आहे, हे ध्यानात ठेवलेले बरे. लाडावलेली, काळ्याभोर केसांची धनिककन्या आणि तिच्यासमोर सोनेरी केसांची सालस मुलगी, ही जोडी तिथूनच पुढे चालत आली.

‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’

ही मालिका डीआयसी या कंपनीने काढली. कंपनी मूळची फ्रान्सची, १९७१ साली स्थापन झालेली. पुढे तिने अमेरिकेत बस्तान बसवले आणि ‘इन्स्पेक्टर गॅजेट’मुळे तिचे नाव झाले. ‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’चा पहिला भाग २१ सप्टेंबर १९८७ रोजी आणि शेवटचा १८ डिसेंबर १९८७ रोजी दाखवला गेला. आठवड्याचे पाच दिवस, तेरा आठवडे, असे एकंदर ६५ भाग झाले. हा आकडा योगायोगाने आलेला नाही. त्या काळात अशा मालिका एकाच मोठ्या वाहिनीला न देता देशभरातल्या स्थानिक केंद्रांना वेगवेगळ्या विकल्या जात, आणि रोज एक भाग दाखवून तीन महिन्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता यावी, यासाठी ६५ भागांचा गठ्ठा सोयीचा ठरे.

तो काळही लक्षात घेण्यासारखा आहे. मोठ्यांसाठी ‘डायनेस्टी’ आणि ‘डॅलस’ यांसारख्या धनाढ्य कुटुंबांच्या मालिका अमेरिकेत तेव्हा वर्षानुवर्षे चालत होत्या आणि त्याच थाटाची मुलांसाठीची आवृत्ती म्हणून ही मालिका ओळखू येते. तिचे प्रसारण सुरू होऊन चार आठवडे झाले आणि पाचव्या आठवड्याच्या सोमवारी, १९ ऑक्टोबर १९८७ रोजी, न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२ टक्क्यांहून अधिक कोसळला. मालिका आधीच तयार झालेली होती, त्यामुळे तिच्यातल्या पार्ट्यांवर आणि शर्यतींवर याचा काही परिणाम होणे शक्य नव्हते. पण तिच्यातला पैसा ज्या निर्धास्त वृत्तीचा आहे, ती वृत्ती त्या दिवसाच्या आधीची आहे, हे आज पाहताना जाणवते.

कथेचे सूत्र सोपे आहे. बेव्हर्ली हिल्समधली डझनभराहून अधिक श्रीमंत मुले-मुली एका टीन क्लबमध्ये जमतात. लार्क टॅनर ही मॉडेलिंग करणारी, सरळ स्वभावाची मुलगी; बियांका ड्युप्री ही तिची प्रतिस्पर्धी; आणि दोघींना हवासा वाटणारा ट्रॉय जेफ्रीज. त्यांच्याभोवती स्वतःच्या सौंदर्यावर खूश असणारा पिअर्स थॉर्नडाइक, घोड्यांची आवड असलेली ब्लेझ समर्स, अभिनेत्री होऊ पाहणारी निकी डार्लिंग, रॉक संगीतात बुडालेले जेट आणि गिग, सर्फिंगवेडा रॅडली आणि वयाने सर्वांत धाकटा असूनही यंत्रे घडवणारा चेस्टर मॅक्टेक, अशी मंडळी आहेत. बहुतेक भागांत एखादी स्पर्धा, सहल किंवा समारंभ असतो. बियांका त्यात लार्कला खाली पाहायला लावण्याचा किंवा ट्रॉयला आपल्याकडे वळवण्याचा डाव रचते, तो तिच्यावरच उलटतो आणि सगळे पुन्हा एकत्र येतात. कोणाला इजा होत नाही आणि कोणाचे कायमचे वैर राहत नाही. सहा-सात वर्षांचे मूल न घाबरता पाहू शकेल असे वातावरण आहे, आणि ही तिची मोठीच जमेची बाजू आहे.

या मालिकेत सर्वांत बारकाईने पाहावे असे पात्र मात्र लार्क किंवा बियांका नसून विल्शर ब्रेंटवुड आहे. विल्शर याच मुलांच्या वयाचा आणि त्यांच्यातलाच आहे, पण तो बियांकाचा ड्रायव्हर आहे. तिची लांबलचक लिमोझिन तो चालवतो, तिच्या डावपेचांतली अवघड आणि अपमानास्पद कामे त्याच्या वाट्याला येतात, डाव फसला की बोलणी तोच खातो, आणि हे सारे तो हसतमुखाने करतो, कारण त्याचे बियांकावर प्रेम आहे. विनोदाचा मोठा भाग या एकाच नात्यावर उभा आहे. बियांका हुकूम सोडते, विल्शर धावतो आणि प्रेक्षकाने हसायचे. अधूनमधून बियांकालाही त्याच्याबद्दल आपुलकी असल्याचे दिसते, तिला त्याच्यावाचून करमत नाही हेही कळते. पण पुढच्या भागात पुन्हा तोच हुकूम आणि तीच धावपळ.

आपल्या शहरी घरांतल्या मुलांच्या दृष्टीने मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पुण्या-मुंबईच्या कित्येक घरांत स्वयंपाकाच्या मावशी असतात, इमारतीला वॉचमनकाका असतात, काही घरांत गाडीला ड्रायव्हर असतो, आणि त्यांच्याशी कसे बोलायचे हे मूल मोठ्यांचे पाहूनच शिकत असते. लिमोझिन आणि हवेल्या मुलाला परीकथेसारख्या दूरच्या वाटतील, पण हाताखालच्या माणसाला एकेरीत, वरच्या पट्टीत, ‘कृपया’शिवाय सांगितलेले काम त्याला अगदी जवळचे वाटेल. बियांकाचे वागणे मालिका बरोबर ठरवत नाही, तिची फजितीच करते. तरीही फजिती होते ती तिच्या डावाची. विल्शरशी ती कशी वागली याचा हिशेब मालिका फारसा मागत नाही. ही मालिका दाखवायची ठरवली, तर एवढ्या एका गोष्टीवर मुलाशी बोलावे लागेल, आणि ते बोलणे सोपे आहे, कारण विल्शर हे पात्र मुलांना मनापासून आवडते.

पैशाच्या उगमाबद्दल ही मालिका गप्प आहे. आईवडील पडद्यावर जवळजवळ येत नाहीत, कोणी काय धंदा करतो ते महत्त्वाचे नसते, आणि एखादी वस्तू परवडणार नाही असे म्हणण्याची वेळ कोणावर येत नाही. पैसा इथे हवेसारखा आहे, सगळीकडे आहे आणि म्हणून कोणाला दिसत नाही. एका परीने यामुळे ती निरुपद्रवी ठरते, कारण पैशावरून माणसाची किंमत ठरवण्याचा प्रसंगच कमी येतो. सगळेच श्रीमंत असल्यावर कोण कोणाला हिणवणार? पण त्यामुळेच ती उथळही राहते, कारण ज्या गोष्टीवर सगळी गंमत उभी आहे, त्या गोष्टीबद्दल तिला काहीच म्हणायचे नाही.

‘जेम’

‘जेम’ची गोष्ट पैशाच्या अडचणीपासून सुरू होते आणि इथेच ती वेगळी पडते. जेरिका बेंटन या तरुण मुलीचे वडील, एमेट बेंटन, वारतात. त्यांच्या मागे ‘स्टारलाइट म्युझिक’ ही ध्वनिमुद्रण कंपनी राहते, पण तिचा निम्मा मालक एरिक रेमंड कारभार बळकावून बसतो. जेरिकाच्या डोक्यावर दुसरीही जबाबदारी आहे : निराधार मुलींचे ‘स्टारलाइट हाऊस’ चालवण्याची. कंपनीचा पैसा हातात नाही, घर जुने झालेले, मुलींना तर सांभाळायचे आहेच. अशा वेळी वडिलांनी तयार केलेला ‘सिनर्जी’ नावाचा संगणक तिला सापडतो. तो हुबेहूब प्रतिमा उभ्या करू शकतो आणि कानातल्या ताऱ्याच्या आकाराच्या डुलांमधून तिच्याशी जोडलेला असतो. त्याच्या मदतीने जेरिका ‘जेम’ नावाची गायिका बनते, आणि बहीण किंबर, मैत्रिणी आजा आणि शाना यांच्यासह ‘होलोग्राम्स’ हा वाद्यवृंद उभा राहतो. समोर एरिक रेमंडने उभा केलेला ‘मिसफिट्स’ हा दांडगा वाद्यवृंद आहे.

६ ऑक्टोबर १९८५ ते २ मे १९८८ या काळात याही मालिकेचे ६५ भाग झाले. लेखिका क्रिस्टी मार्क्स यांनी ती घडवली, सनबो आणि मार्व्हल प्रॉडक्शन्स यांनी तिची निर्मिती केली आणि चित्रणाचे बरेचसे काम जपानच्या तोएई स्टुडिओत झाले. जवळजवळ प्रत्येक भागात गाणी आहेत आणि ती कथेत गुंफलेली आहेत. जेमचा गाता आवाज ब्रिटा फिलिप्स यांचा आणि बोलता आवाज समँथा न्यूअर्क यांचा आहे. सबंध मालिकेतली स्वतंत्र गाणी दीडशेच्या घरात जातात. मुलांसाठीच्या एका मालिकेसाठी इतकी गाणी नव्याने बांधली गेली, ही गोष्ट साधी नव्हे, आणि संगीताची आवड असलेल्या मुलासाठी हे एकच कारण पुरेसे ठरावे.

पैशाच्या प्रश्नावर ‘जेम’ थेट बोलते. पहिल्या पाच भागांत एक सलग कथा आहे : एरिकच्या माणसाने घातलेल्या गोंधळात मुलींचे घर जळते, आणि वाद्यवृंदांच्या स्पर्धेचे बक्षीस म्हणून एक हवेली आणि चित्रपटाचा करार ठेवला जातो. जेरिकाला ती हवेली हवी आहे ती स्वतःच्या ऐटीसाठी नव्हे. तिच्याकडे बारा मुलींना निजवायला जागा उरलेली नाही. हवेली तीच, चकाकी तीच, पण तिचे प्रयोजन बदलले की गोष्टीचा सूर कसा बदलतो, हे मुलाला या पाच भागांत न सांगता कळते.

त्याच्या समोर मिसफिट्सची नायिका पिझाझ आहे. तिचे खरे नाव फिलिस गॅबर. ती अत्यंत श्रीमंत बापाची मुलगी आहे. हवे ते विकत मिळते, तरी समाधान नाही, आणि वडिलांचे लक्ष पैशाने मिळत नाही म्हणून ती आणखी थयथयाट करते. बियांका आणि पिझाझ या दोघी एकाच साच्याच्या, पण बियांकाचा हट्ट हा केवळ तिचा स्वभाव म्हणून दाखवलेला आहे, तर पिझाझच्या हट्टाला घरातले कारण आहे. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हा फरक समजतो, आणि एखादे माणूस वाईट वागते तेव्हा त्याच्या मागे काय असेल असा विचार करायला तो इथे शिकतो.

मिसफिट्समधल्या इतर मुलींनाही मालिकेने माणूसपण दिले आहे. स्टॉर्मर मुळात मवाळ आहे आणि एका भागात ती किंबरसोबत गाणी करू लागते. रॉक्सीला लिहितावाचता येत नाही आणि ते लपवण्यासाठी ती आडदांडपणाचे सोंग आणते, असा एक संपूर्ण भाग आहे. अमली पदार्थांच्या विळख्यात सापडलेल्या मुलीचाही एक भाग आहे, आणि तो आठ वर्षांखालच्या मुलाने एकट्याने पाहू नये असे मला वाटते. होलोग्राम्समध्ये पुढे सामील झालेली राया ही मेक्सिकन वंशाची साध्या घरातली मुलगी. जेमचे गुपित तिच्या कानावर अनाहूतपणे पडते, ते फोडले तर फायदा आहे, तरीही ती गप्प राहते. मालिकेचा शेवटचा भाग बा नी या व्हिएतनामी-अमेरिकी मुलीला तिचा हरवलेला बाप सापडण्याचा आहे. ज्या मालिकेची जाहिरात चमचमत्या कपड्यांवर झाली, तिचा शेवट एका अनाथ मुलीच्या घरी जाण्यावर व्हावा, यातच लेखिकेचे मन कुठे होते ते दिसते.

तिच्यात खटकणारी गोष्टही आहे, आणि ती लहानसहान नाही. जेरिकाचा मित्र रिओ याला जेम आणि जेरिका एकच आहेत हे माहीत नाही. तो दोघींकडे ओढला जातो, आणि जेरिका स्वतःच स्वतःची सवत झाल्यासारखी घुसमटत राहते. रिओ खोटेपणाचा तिरस्कार करतो असे मालिका वारंवार सांगते, आणि नायिका मात्र त्याच्याशी सतत खोटे बोलते. कथेच्या सोयीसाठी हे रेटलेले आहे. मूल मोठे असेल तर ते स्वतःच विचारील की ती त्याला सांगून का टाकत नाही; विचारले, तर त्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मालिकेकडे नाही, हे मान्य करून टाकावे.

बाहुलीचा प्रश्न

आता एक विसंगती. पैशाबद्दल अधिक विचारी असलेली ‘जेम’ ही प्रत्यक्षात हॅसब्रो कंपनीच्या बाहुलीसाठी तयार झालेली मालिका आहे, आणि ऐश्वर्यात लोळणारी ‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’ मात्र कुठल्याही बाहुलीच्या विक्रीसाठी जन्माला आलेली नव्हती.

यामागे एक धोरण होते. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८४ साली दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातींच्या वेळेची बंधने उठवली आणि खेळण्यांवर बेतलेल्या मालिकांचा पूर आला. बोस्टन परिसरातल्या पेगी चॅरन यांनी १९६८ साली स्थापन केलेली पालकांची संघटना याविरुद्ध सातत्याने लढत होती. अखेर १९९० साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिराती तासाला शनिवार-रविवारी साडेदहा आणि इतर दिवशी बारा मिनिटांवर आणून ठेवल्या. ‘जेम’ या दोन तारखांच्या मधल्या मोकळ्या रानात वाढली. तिची बाहुली १९८६ साली दुकानात आली. साडेबारा इंच उंचीची ही बाहुली बार्बीपेक्षा मोठी, त्यामुळे बार्बीचे कपडे तिला होत नसत आणि आईबापांना सगळा सरंजाम नव्याने घ्यावा लागे. मॅटेलनेही त्याच सुमारास बार्बीचा रॉक वाद्यवृंद बाजारात आणला. स्पर्धेत जेम टिकली नाही आणि मालिका संपण्याआधीच बाहुलीचा बाजार उठला.

आजच्या पालकाने याला किती महत्त्व द्यावे? माझ्या मते, फारसे नाही. १९८६ साली मालिका संपताच दुकानाकडे धावणारे मूल आणि आज ती पाहणारे मूल यांच्यात मोठे अंतर आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात ती बाहुली मांडलेली नाही, मध्येच तिची जाहिरात लागत नाही. जाहिरातीचा दात गळून पडला आहे आणि कथा तेवढी उरली आहे. उलट ‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’ एखादी ठरावीक वस्तू विकत नाही, पण विकत घेणे हीच गंमत आहे असा तिचा एकूण भाव आहे, आणि तो भाव आजही तितकाच ताजा आहे. मूल कुठली बाहुली मागेल याची चिंता करण्यापेक्षा ते प्रत्येक सुट्टीला काहीतरी घेण्याचा हट्ट धरू लागेल का, याची चिंता मला अधिक रास्त वाटते.

‘टोटली स्पाइज’

तिसऱ्या मालिकेबद्दल थोडक्यात सांगता येईल, कारण तिच्यात श्रीमंती हा विषय नसून पार्श्वभूमी आहे. फ्रान्सच्या मॅरेथॉन कंपनीने ती काढली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये तिचे प्रसारण अमेरिकेत सुरू झाले. बेव्हर्ली हिल्समध्ये शिकणाऱ्या सॅम, क्लोव्हर आणि अ‍ॅलेक्स या तिघी मैत्रिणी ‘वूप’ या गुप्त संघटनेसाठी हेरगिरी करतात. शाळेतल्या लॉकरमधून किंवा भिंतीतून त्यांना अचानक ओढून घेतले जाते, संघटनेचा प्रमुख जेरी त्यांना लिपस्टिक, पावडरची डबी, पाठपिशवी अशा रूपातली यंत्रे देतो आणि त्या जगाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एखाद्या विक्षिप्त खलनायकाचा बेत हाणून पाडतात. शाळेत परतल्यावर मँडी ही त्यांची श्रीमंत, नाक उडवणारी वर्गभगिनी वाट पाहत असतेच. पहिल्या सहा पर्वांचे १५६ भाग झाले आणि दीर्घ खंडानंतर २०२४ मध्ये सातवे पर्व आले.

वेग, विनोद आणि धाडस यांत ही मालिका इतर दोन्हींच्या पुढे आहे. मुली स्वतःच्या बुद्धीने आणि बळाने संकटातून सुटतात, कोणा मुलाने येऊन सोडवण्याची वाट पाहत नाहीत, आणि तिघींची मैत्री कधी डळमळत नाही. बेव्हर्ली हिल्सचे वैभव खरेदीच्या मॉलपुरते आणि घराच्या देखाव्यापुरते राहते. नोकरचाकरांचा प्रश्नच येत नाही.

मात्र शरीराबद्दलची तिची दृष्टी मला मान्य नाही. व्यसन लागेल अशी बिस्किटे खाऊन क्लोव्हर भराभर लठ्ठ होते, असा एक भाग आहे, आणि त्यात तिचे वाढलेले शरीर हाच विनोद केलेला आहे. क्लोव्हरला बिस्किटाची लालसा आवरत नाही, कपडे तटतटतात आणि चेहरा फुगतो, या प्रत्येक टप्प्यावर हसू अपेक्षित आहे. इतर भागांतही चेहरा बिघडणे, केस जाणे, वय वाढणे या गोष्टी शिक्षेसारख्या येतात. शाळेत आधीच जाडेपणावरून चिडवले जाणारे मूल घरात असेल, तर हे भाग गाळलेले बरे. तिन्ही मालिकांतल्या नायिका सडपातळ आणि नटलेल्या आहेत हे खरेच, पण शरीराची थट्टा इतक्या उघडपणे या एकाच मालिकेत होते. शिवाय इथल्या मुलींना बांधून ठेवणे, यंत्रात अडकवणे, गुंगी देणे असे प्रसंग वरचेवर येतात. हिंसा रक्ताळलेली नसली, तरी लहान मूल दचकू शकते.

भाषा आणि क्रम

तिन्ही मालिकांच्या इंग्रजी आवृत्त्या पाहायच्या म्हटल्या, तर मराठी माध्यमातल्या मुलाला सर्वांत अवघड जाईल ती ‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’. तिच्यात टारा बेलचे दक्षिणी हेल आहेत, बक हकस्टरचा टेक्ससी थाट आहे, रॅडलीची समुद्रकिनाऱ्यावरची बोली आहे, आणि अर्धा विनोद या उच्चारांतच आहे. तो निसटला की कथा बेताचीच उरते. ‘जेम’चे संवाद स्वच्छ आहेत आणि गाण्यांमुळे शब्द कानात बसतात. ‘टोटली स्पाइज’ भरभर बोलते, पण चित्रावरून सगळे कळते. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी मुलांना ही अडचण नाही. त्यांच्या पालकांपुढचा प्रश्न वेगळा, आणि बहुधा अधिक जवळचा आहे, कारण त्यांच्या शाळेत एखादी बियांका किंवा मँडी खरोखरच असू शकते. त्यांनी तर ‘जेम’ नक्की पाहावी, पिझाझच्या कथांसह.

भाग कोणत्या क्रमाने पाहायचे, हेही निवडीत मोजावे. ‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’ आणि ‘टोटली स्पाइज’ कुठूनही सुरू करता येतात. प्रत्येक भाग बहुतांशी स्वयंपूर्ण आहे. ‘जेम’चे तसे नाही. पहिले पाच भाग ओळीने पाहिले नाहीत, तर सिनर्जी काय, एरिक कोण, मुलींचे घर कशासाठी, हे काहीच कळत नाही आणि केवळ रंगीत केसांच्या मुली भांडताना दिसतात. ज्या घरात मुलाला दिवसाला अर्धाच तास मिळतो आणि तोही मध्येच मोडतो, तिथे हा तोटा खरा आहे.

माझा कौल

एकच मालिका निवडायची असेल आणि मूल आठ ते बारा वर्षांचे असेल, तर ‘जेम’ निवडावी. तिच्यातला रिओचा गुंता आणि तिचा व्यापारी जन्म धरूनही, पैसा ही जबाबदारी असते ही गोष्ट तिन्हींपैकी तीच एकटी सांगते, आणि ती कथेच्या ओघात सांगते. मूल सहा-सात वर्षांचे असेल, त्याला जळणारे घर किंवा पाठलाग सोसत नसेल, तर ‘बेव्हर्ली हिल्स टीन्स’ सुरक्षित आहे; मात्र ती शेजारी बसून पाहावी आणि विल्शरबद्दल बोलावे. बारा वर्षांच्या पुढच्या, वेगाची आवड असलेल्या मुलाला पहिल्या दोन्ही मालिका संथ आणि जुनाट वाटतील. त्याला ‘टोटली स्पाइज’ द्यावी, आणि भाग आधी स्वतः चाळून द्यावेत.

मुलगे आणि मुली असा भेद मी इथे केलेला नाही, आणि पालकांनीही करू नये असे मला वाटते. तिन्ही मालिकांवर मुलींचा शिक्का आहे, पण विल्शरची अवस्था, रायाचा प्रामाणिकपणा आणि सॅमची तर्कबुद्धी यांत मुलग्याला कळण्यासारखे पुष्कळ आहे. भावंडे वेगवेगळ्या वयांची असतील, तर ‘जेम’च्या पहिल्या पाच भागांपासून सगळ्यांनी मिळून सुरुवात करावी, त्या पाचांत धाकट्याला गाणी मिळतात आणि थोरल्याला गोष्ट, आणि पुढचे साठ भाग पाहायचे की नाही याचा अंदाज घरातल्या सगळ्यांना तेवढ्यात येतो.